लॅपटॉपची बायोस चिप फ्लॅश करायची? प्रोग्रामर सगळ्यात शेवटी निवडा

लॅपटॉपचं बटण दाबलं की पंखा क्षणभर फिरतो, दिवा लागतो आणि पुढे काहीच होत नाही. बायोस, म्हणजे लॅपटॉपला जागं करणारं मूळ सॉफ्टवेअर, त्याचं अपडेट मध्येच अडकलं की हे दृश्य बघायला मिळतं. काहींचा लॅपटॉप धडधाकट असतो, पण त्यांना त्यात कोअरबूट किंवा लिबरबूट ही बायोसच्या जागी चालणारी मुक्त फर्मवेअर टाकायची असतात. दोन्हीकडे शेवटी मदरबोर्डवरची फर्मवेअर चिप बाहेरून वाचावी आणि लिहावी लागते. मग माणूस सगळ्यात आधी प्रोग्रामर, म्हणजे चिप वाचणारं-लिहिणारं छोटं उपकरण, शोधतो. यादीत सर्वात वर दिसणारा सीएच३४१ए चिपचा छोटा काळा बोर्ड मागवतो आणि सोबत आलेली क्लिप चिपवर अडकवतो. मीही असंच केलं होतं.

आता मी नेमकं उलट्या क्रमाने जातो. आधी चिप ओळखायची, मग तिला धरणारी क्लिप, मग व्होल्टेज, मग तारा, आणि प्रोग्रामर शेवटी. काम बिघडतं त्यात प्रोग्रामरचा मेंदू चुकला असं फार कमी वेळा होतं. क्लिपचा एक दात टेकलेला नसतो, तार लांब असते किंवा नको तिथे पाच व्होल्ट गेलेले असतात.

चिपवरचा नंबर वाचा

लॅपटॉपमधली फर्मवेअर चिप म्हणजे बहुतेक वेळा आठ पायांची एसपीआय फ्लॅश, मोजक्या तारांवरून बोलणारी मेमरी चिप. मदरबोर्डवर आठ पायांचे इतरही घटक पुष्कळ असतात, मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) तर ढिगाने. त्यामुळे आकारावरून ठरवू नका, नंबर वाचा. विनबाँड, मॅक्रोनिक्स, गिगाडिव्हाइस या नेहमी दिसणाऱ्या कंपन्या आणि नंबरात कुठेतरी ‘२५’ हा आकडा असतोच. अक्षरं लेझरने कोरलेली आणि फिकट असतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने चिप पुसा, टॉर्च अगदी आडवा धरा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून फोटो काढा. वरून सरळ उजेड मारला तर काहीच दिसत नाही.

समजा ‘डब्ल्यू२५क्यू६४एफव्ही’ असं दिसलं. यातले ६४ म्हणजे मेगाबिट. आठाने भागलं की ८ मेगाबाइट. १२८ असेल तर १६ मेगाबाइट, २५६ असेल तर ३२. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे फाइलचा आकार तपासताना लागतो. काही लॅपटॉपमध्ये फर्मवेअर दोन चिप्सवर वाटलेलं असतं. थिंकपॅड एक्स२३० मध्ये हाताच्या टेकूखाली काळ्या प्लॅस्टिकच्या पातळ पडद्याआड ८ आणि ४ मेगाबाइटच्या दोन चिप्स शेजारी शेजारी बसलेल्या आहेत. तिथे कोणती चिप कोणती हे न बघता लिहायला घेतलं तर गोंधळ ठरलेला. कीबोर्ड, पंखा, चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलरची स्वतःची वेगळी फ्लॅश चिपही काही बोर्डांवर असते. तिला हात लावायचा नाही.

आता नंबरातली अक्षरं बघा, कारण व्होल्टेज तिथेच कळतं. विनबाँडमध्ये शेवट एफव्ही किंवा जेव्ही असेल तर चिप ३.३ व्होल्टची, एफडब्ल्यू किंवा जेडब्ल्यू असेल तर १.८ व्होल्टची. मॅक्रोनिक्समध्ये एमएक्स२५एल म्हणजे ३.३ आणि एमएक्स२५यू म्हणजे १.८. गिगाडिव्हाइसमध्ये जीडी२५क्यू ही ३.३ ची आणि जीडी२५एलक्यू ही १.८ ची. डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, उघडून खात्री करा. ३.३ व्होल्टच्या चिपसाठी साधारण २.७ ते ३.६ अशी मर्यादा लिहिलेली असते आणि १.८ च्या चिपसाठी १.६५ ते १.९५ च्या आसपास. नंबर काही केल्या वाचताच येत नसेल तर पहिला प्रयत्न १.८ व्होल्टवर करा. ३.३ ची चिप १.८ वर फार तर गप्प बसते. १.८ च्या चिपला ३.३ दिले तर ती कायमची गप्प बसू शकते.

तिसरी गोष्ट बांधणीची. दोन्ही बाजूंना चार-चार पाय बाहेर आलेले दिसत असतील तर ती एसओआयसी-८. हिच्यातही अंगाची रुंदी दोन प्रकारची असते, १५० मिल आणि २०८ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). लॅपटॉपमध्ये रुंद प्रकार जास्त दिसतो. पाय सोळा असतील तर एसओआयसी-१६, हिच्यासाठी क्लिपही वेगळी आणि पायांची मांडणीही पूर्ण वेगळी. आठ पायांच्या चिपमध्ये वीज आठव्या पायाला जाते, सोळा पायांच्या चिपमध्ये दुसऱ्या. पाय बाहेर दिसतच नसतील, कडेला फक्त चकचकीत टिंबं दिसत असतील, तर ती डब्ल्यूएसओएन-८. तिच्यावर क्लिप बसत नाही. जोर लावून बसवायला जाऊ नका, तिचा इलाज खाली आहे.

क्लिप: घोडं इथंच पेंड खातं

प्रोग्रामरबरोबर येणारी क्लिप बहुधा मऊ प्लॅस्टिकची असते. पहिल्या चार-पाच वेळा ती नीट धरते. मग जबडे फाकतात, आतल्या पट्ट्या आत दबतात आणि एखादा दात पायाला टेकेनासा होतो. वरून बघितलं तर क्लिप अगदी घट्ट बसलेली दिसते. आठातले सात संपर्क चालू आणि एक बंद, ही स्थिती सगळे बंद असण्यापेक्षा वाईट, कारण चिप अधूनमधून उत्तर देत राहते आणि आपण दोष भलतीकडेच शोधत बसतो.

पैसे घालायचेच तर इथे घाला. पोमोना ५२५० ही आठ पायांची क्लिप वर्षानुवर्षं लोक वापरत आले आहेत, सोळा पायांसाठी तिचीच बहीण ५२५२. ३एमच्या टेस्ट क्लिपही चांगल्या. या क्लिपांचं प्लॅस्टिक कडक असतं, संपर्क सोन्याचा मुलामा दिलेले असतात आणि स्प्रिंग चिपच्या खांद्यांना दोन्हीकडून सारखी दाबते. वर निघालेल्या पिनांवर साध्या जंपर तारा थेट बसतात, त्यामुळे कोणत्याही प्रोग्रामरला जोडता येतात. एकाच लॅपटॉपचं एकदाच काम असेल तर स्वस्त क्लिपवरही निभावतं. मात्र ती नवी असू द्या, कोणाकडून वापरलेली उसनी घेऊ नका.

क्लिप बसवल्यावर मी तिच्यावर विश्वास ठेवत नाही, मोजतो. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवायचा. लाल प्रोबचं टोक चिपच्या पहिल्या पायाला, अगदी काळ्या अंगाजवळ टेकवायचं आणि काळं टोक तारेच्या मोकळ्या टोकाला. बीप आला की पुढचा पाय. आठही पाय. मग शेजारच्या दोन-दोन तारांमध्ये बीप येत नाही ना, तेही बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे. आठपैकी एकाला बीप येत नसेल तर क्लिप काढा, पाय अल्कोहोलने आणि जुन्या टूथब्रशने घासा, पुन्हा बसवा. कारखान्यातून चिपवर पातळ लेप मारलेला असेल तर घासल्याशिवाय संपर्क होतच नाही.

पहिला पाय कुठला ते चिपवरच्या बारीक ठिपक्यावरून कळतं. क्लिपच्या रिबन केबलमधली लाल तार त्या बाजूला यायला हवी. चिपवर दोन ठिपके दिसले तर एक साच्याचा मोठा खोलगट डाग असू शकतो. तेव्हा मीटरनेच ठरवा. चौथा पाय ग्राउंड असतो, म्हणजे यूएसबी सॉकेटच्या धातूशी त्याचा बीप यायलाच हवा. उलटी क्लिप म्हणजे वीज आणि ग्राउंडची अदलाबदल. ती चूक दुसऱ्यांदा सुधारायची संधी चिप देत नाही.

काळा बोर्ड आणि पाच व्होल्ट

सीएच३४१ए वाईट चिप नाही. फ्लॅशरॉम हे चिप वाचायचं-लिहायचं मुक्त सॉफ्टवेअर तिला ओळखतं, विंडोजवरही तिची सॉफ्टवेअर आहेत आणि हा बोर्ड कुठेही मिळतो. तक्रार आहे ती त्या लोकप्रिय काळ्या बोर्डाच्या रचनेबद्दल. त्यावर ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर आहे, पण तो फक्त फ्लॅश चिपच्या वीजपुरवठ्यासाठी. सीएच३४१ए स्वतः यूएसबीच्या पाच व्होल्टवर चालते, त्यामुळे तिच्या सिग्नलच्या तारांवरही पाच व्होल्टच्या जवळपास येतात.

विनबाँडच्या ३.३ व्होल्टच्या चिपच्या डेटाशीटमध्ये कोणत्याही पायावरची कमाल मर्यादा वीजपुरवठ्यापेक्षा ०.४ व्होल्ट जास्त इतकी दिली आहे. म्हणजे ३.७. आपण देतोय पाच. चिप पुष्कळदा सोसते, माझ्याही सोसल्या आहेत, आणि ‘मी शंभर वेळा केलंय, काही होत नाही’ असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. पण क्लिप लावलेली असताना त्याच तारा चिपसेटपर्यंतही गेलेल्या असतात. फ्लॅश चिप मेली तर बदलता येते. चिपसेट दुखावला तर बोर्डच गेला.

बोर्ड तुमच्याकडे आधीच असेल तर ताबडतोब फेकू नका, मोजा. क्लिप न लावता बोर्ड यूएसबीला जोडा. मीटर डीसी व्होल्टवर घ्या, काळं टोक सॉकेटच्या ग्राउंडवर ठेवा आणि लाल टोक एकेक करून चिप सिलेक्ट, क्लॉक आणि डेटा इन या जागांवर, म्हणजे पहिल्या, सहाव्या आणि पाचव्या पायावर टेकवा. यातल्या ज्या तारेवर व्होल्टेज असेल तिच्यावर ३.३ च्या आसपास दिसलं तर ठीक. ४.५ च्या वर दिसलं तर हा तोच बोर्ड.

सोल्डरिंगचा हात असेल तर दुरुस्ती होते. सीएच३४१ए चिपचा अठ्ठाविसावा पाय, म्हणजे तिचा वीजपुरवठा, बोर्डावरून अलगद उचलायचा. रेग्युलेटरच्या ३.३ व्होल्टच्या टोकापासून एक बारीक तार त्या उचललेल्या पायाला आणि नवव्या पायालाही जोडायची. मग ती चिप स्वतःच ३.३ वर चालते आणि सिग्नलही तितकेच येतात. नंतर पुन्हा वरची मोजणी करायची. पाय उचलताना सुई वापरा, कटर नको. व्होल्टेज निवडायची सोय असलेले याच चिपचे सुधारित बोर्डही मिळतात. ते घेतले तरी मोजणी चुकवू नका, बोर्डावर छापलेल्या आकड्यापेक्षा मीटर खरा.

१.८ व्होल्टसाठी या बोर्डाबरोबर एक इवलासा अ‍ॅडाप्टर मिळतो. माझा अनुभव संमिश्र आहे: सुटी चिप सॉकेटमध्ये असताना चाललं, मदरबोर्डवर क्लिप लावल्यावर वीज कमी पडली. १.८ ची चिप बोर्डावरच लिहायची असेल तर १.८ व्होल्ट स्वतःहून देणारा प्रोग्रामर घ्या, किंवा चांगला लेव्हल शिफ्टर (सिग्नलचं व्होल्टेज बदलणारा घटक) आणि वेगळा १.८ चा पुरवठा वापरा.

मग घ्यायचं काय?

३.३ व्होल्टच्या चिपसाठी माझी पहिली पसंती रास्पबेरी पाय पिको. २०२१ साली आलेला हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड मुळातच ३.३ व्होल्टच्या सिग्नलवर चालतो, त्यामुळे पाच व्होल्टचा प्रश्नच मिटतो. त्यात सर्प्रॉग नावाचा प्रोटोकॉल बोलणारं फर्मवेअर टाकायचं. बूटसेल बटण दाबून धरत यूएसबी लावली की पिको पेन ड्राइव्हसारखा दिसतो, त्यात ती फाइल टाकली की काम झालं. फ्लॅशरॉमला सर्प्रॉग हा प्रोग्रामर आणि सिरियल पोर्टचं नाव सांगायचं. क्लॉकचा वेगही कमी-जास्त करता येतो आणि क्लिपने काम करताना ही सोय सोन्यासारखी आहे.

पिकोमध्ये एक खड्डा आहे, तो आधीच सांगतो. ३.३ व्होल्टची पिन छत्तिसावी, ग्राउंड अडतिसावी आणि चाळिसावी पिन यूएसबीचे थेट पाच व्होल्ट. तिन्ही एकाच कोपऱ्यात. रात्री उशिरा, चष्मा न लावता पिना मोजल्या तर एक घर चुकायला वेळ लागत नाही. चाळिसाव्या पिनेवर मी चिकटपट्टीचा तुकडाच लावून ठेवला आहे. सिग्नलच्या चार पिना कुठल्या हे तुम्ही टाकलेल्या फर्मवेअरच्या तक्त्यात बघा, प्रत्येक आवृत्तीची मांडणी सारखी असेलच असं नाही.

घरात रास्पबेरी पाय, म्हणजे मोठा भाऊ, पडून असेल तर तोही उत्तम. एसपीआय चालू करायचं आणि सतराव्या पिनेवरून ३.३ व्होल्ट, एकोणिसावी, एकविसावी, तेविसावी डेटा आणि क्लॉकसाठी, चोविसावी चिप सिलेक्ट, पंचविसावी ग्राउंड. सगळ्या एका घोळक्यात असल्यामुळे जोडणी सुटसुटीत होते. दुसरी आणि चौथी पिन पाच व्होल्टची, त्यांच्यापासून लांब राहा.

एफटी२३२एच चिपचे बोर्ड ३.३ व्होल्टचे, वेगवान आणि फ्लॅशरॉमला माहीत असलेले आहेत. इलेक्ट्रॉनिक्सची इतर कामं करणाऱ्याने तेच घ्यावेत. जुना बस पायरेट कामापुरता ठीक, पण १६ मेगाबाइट वाचायला बसलात तर कंटाळून जाल. रोज दहा लॅपटॉप हाताळणाऱ्याने डेडीप्रॉगच्या एसएफ१०० सारखा व्यावसायिक प्रोग्रामर घ्यावा. तो चिपचं व्होल्टेज स्वतः सांभाळतो आणि बोर्डवरच्या चिपसाठीच बनवलेला आहे. एका लॅपटॉपसाठी घेणं म्हणजे डास मारायला तोफ.

तारा आणि बाकीचं सामान

तारा आखूड घ्या. दहा सेंटिमीटरच्या आसपास. प्रोग्रामर लांब पडतो म्हणून वीस सेंटिमीटरच्या दोन तारा एकमेकींत खोचून लांबी वाढवली की प्रत्येक जोडावर एक नवा संशय जन्माला येतो. ग्राउंडची तार क्लॉकच्या शेजारून गेली तर आणखी चांगलं. तारा बदलूनही वाचन डळमळत असेल तर क्लॉकचा वेग उतरवा. चार मेगाहर्ट्झवर जमलं नाही तर एक करून बघा. वेळ जास्त लागेल, लागू दे. काळ्या बोर्डाला फ्लॅशरॉममधून वेग बदलण्याची सोय नाही, पिकोच्या बाजूने माझं हेही एक कारण.

मल्टिमीटर साधाच चालतो. भिंग, टॉर्च, अल्कोहोल, जुना टूथब्रश, स्क्रू ठेवायला खणांची डबी. एवढं पुरतं.

प्रत्यक्ष जोडणी

लॅपटॉपचा चार्जर काढा, मुख्य बॅटरी काढा, आतली गोल सेलही काढा. सेल बोर्डाशी तारेने जोडलेली असेल तर तिचं कनेक्टर सोडवा. मग पॉवर बटण तीस सेकंद दाबून ठेवा म्हणजे कपॅसिटरमधला उरलेला चार्ज निघून जातो. ही पायरी गाळणारे बरेच भेटतात आणि त्यांचं वाचन का हलतं हे त्यांना कळत नाही.

प्रोग्रामर जोडण्याआधी चिपच्या आठव्या आणि चौथ्या पायांमध्ये रोध मोजा. शून्याच्या जवळ आला तर कुठेतरी शॉर्ट आहे, वीज देऊ नका. तो शोधा.

आता क्रम असा: आधी क्लिप चिपवर, मग बीपची तपासणी, आणि शेवटी प्रोग्रामरची यूएसबी संगणकात. काढताना आधी यूएसबी, मग क्लिप. वीज चालू असताना क्लिप सरकवायची नाही.

वीज दिल्याबरोबर आठव्या पायावरचं व्होल्टेज मोजा. ३.२ किंवा ३.३ दिसलं तर छान. २.५ वगैरे दिसलं तर समजा की आपण फक्त चिपला नव्हे, तिच्याबरोबर मदरबोर्डचा अर्धा संसार पोसतोय. खरं तर चिपला लिहिताना किंवा पुसताना २५ मिलिअँपिअरच्या आसपासच प्रवाह लागतो. पिकोची ३.३ ची पिन ३०० मिलिअँपिअरपर्यंत वापरावी असं तिचं दस्तऐवज सांगतं. तरीही व्होल्टेज पडत असेल तर वीज वेगळ्या ३.३ व्होल्टच्या पुरवठ्यातून द्या आणि दोघांचे ग्राउंड एकत्र जोडा. तेवढ्यानेही जमलं नाही तर चिप काढणं आलं.

वाचा, पुन्हा वाचा, मग आत डोकावा

पहिलं काम चिपची ओळख. प्रत्येक चिप विचारल्यावर तीन बाइटची खूण सांगते. डब्ल्यू२५क्यू६४एफव्ही ‘ईएफ ४० १७’ असं उत्तर देते. ईएफ म्हणजे विनबाँड, सी२ म्हणजे मॅक्रोनिक्स, सी८ म्हणजे गिगाडिव्हाइस. शेवटच्या बाइटमध्ये एक गंमत दडलेली आहे: हेक्स १७ म्हणजे दशमानात २३, आणि २ चा २३ वा घात म्हणजे ८३,८८,६०८ बाइट. बरोबर ८ मेगाबाइट. १८ असेल तर १६. विनबाँडच्या चिपने मधला बाइट ४० ऐवजी ६० सांगितला तर थांबा, ती बहुधा १.८ व्होल्टची आहे. सगळी शून्यं किंवा सगळे एफएफ आले तर संपर्क नाही किंवा वीज नाही. एकाच खुणेच्या तीन-चार चिप्स फ्लॅशरॉमने पुढे केल्या तर चिपवरच्या नंबराशी जुळणारी निवडा.

मग पूर्ण चिप तीनदा वाचा, तीन वेगळ्या फाइलींत, आणि तिघींचं एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारी खूणसंख्या, काढा. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाचनाच्या मध्ये क्लिप काढून पुन्हा बसवली तर पुरावा आणखी पक्का. एकही वेगळं आलं तर लिहायचा विचारसुद्धा नको.

तिन्ही जुळले म्हणून फुशारूनही जाऊ नका. माझे एकदा तिन्ही चेकसम तंतोतंत जुळले होते. प्रोग्रामरला चिप ओळखता आली नव्हती म्हणून सॉफ्टवेअरमध्ये तिचं नाव मी हातानेच निवडलं होतं, आणि त्या भल्या सॉफ्टवेअरने कुरकुर न करता आठ मेगाबाइट वाचून दाखवले. फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडली तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एफएफ. डेटा आउटची तार सुटली होती. रिकामपण तीन वेळा सारखंच वाचलं गेलं होतं.

म्हणून फाइल उघडून बघायचीच. इंटेलच्या लॅपटॉपमध्ये ज्या चिपवर फ्लॅश डिस्क्रिप्टर (फर्मवेअरच्या भागांचा नकाशा) असतो तिच्या सुरुवातीचे सोळा बाइट बहुतेकदा एफएफ असतात आणि त्यानंतर लगेच ‘५ए ए५ एफ० ०एफ’ अशी खूण येते. ती दिसली की जीव भांड्यात पडतो. फाइलमध्ये थोडं खाली गेल्यावर कंपनीचं नाव, मॉडेल असे वाचता येणारे शब्दही सापडायला हवेत. फाइलचा आकार कागदावर लिहिलेल्या आकड्याशी बाइटभरही फरक न पडता जुळायला हवा.

ही मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा. तिच्यात तुमच्या लॅपटॉपचा सिरियल नंबर, पुष्कळदा नेटवर्कचा मॅक पत्ता आणि विंडोजची चावी असते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या कोणाच्या लॅपटॉपची फाइल आपल्यात ओतली तर लॅपटॉप कदाचित सुरू होईल, पण ओळख दुसऱ्याची घेऊन. कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेली अपडेट फाइलही थेट चिपवर लिहायची नसते. तिच्याभोवती वेष्टन असतं आणि आकार चिपशी जुळत नाही. आतला बायोसचा भाग काढून आपल्याच डंपमध्ये, म्हणजे चिपमधून वाचलेल्या फाइलमध्ये, बसवावा लागतो.

लिहिताना फ्लॅशरॉम आधी चिप वाचतं, बदललेले भागच पुसून लिहितं आणि शेवटी ताडून बघतं. व्हेरिफायमध्ये चूक आली तर घाबरून क्लिप ओढू नका. चिपमध्ये वीज आहे, प्रोग्रामर जोडलेला आहे, तोवर काही बिघडलेलं नाही. वेग कमी करून पुन्हा लिहा. पुसणंच होत नसेल तर चिपच्या स्टेटस रजिस्टरमध्ये लेखनबंदी लावलेली असू शकते, ती फ्लॅशरॉममधूनच काढता येते.

एक हार्डवेअरबाहेरची गोष्ट, पण आधी माहीत हवी. २०१३ नंतरच्या अनेक इंटेल लॅपटॉपमध्ये बूट गार्ड, म्हणजे फर्मवेअर कंपनीचंच आहे का हे तपासणारं कुलूप, असतं. ते चालू असेल तर बदललेलं फर्मवेअर अगदी बिनचूक लिहिलं तरी लॅपटॉप सुरू होणार नाही. तिथे प्रोग्रामर बदलून उपयोग नाही.

क्लिप चालत नसेल तेव्हा

डब्ल्यूएसओएन-८ साठी स्प्रिंगच्या सुयांचे प्रोब मिळतात. सहा बाय पाच आणि आठ बाय सहा मिलिमीटर असे दोन आकार नेहमीचे, घेण्याआधी चिप मोजा. प्रोब हाताने धरून ठेवावा लागतो आणि १६ मेगाबाइट लिहिताना हात हलला की सगळं पहिल्यापासून. बोर्ड घट्ट टेकवा, कोपर टेबलावर ठेवा आणि वाचन जमलं तरच लिहायला घ्या.

नाहीतर चिप काढायची. हॉट एअर साधारण ३५० अंशांवर, भरपूर फ्लक्स, आजूबाजूच्या प्लॅस्टिकच्या कनेक्टरवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी). चिप तरंगायला लागली की चिमट्याने उचला, ओरबाडू नका, नाहीतर बोर्डाचे पॅड सोबत येतील. सुटी चिप सॉकेटमध्ये घालून लिहिली की मदरबोर्डचा काहीही लोड नसतो आणि काळा बोर्डही, दुरुस्ती केलेला असेल तर, इथे उत्तम चालतो. सुट्या चिपला तारांनी जोडणार असाल तर तिसरा आणि सातवा पाय आठव्या पायाच्याच वीजपुरवठ्याला जोडायला विसरू नका. ते अधांतरी राहिले तर चिप कधी उत्तर देते, कधी देत नाही.

सगळं झाल्यावर सेल, बॅटरी जोडून बटण दाबलं की पहिल्या वेळी पडदा बराच वेळ काळा राहतो. रॅमची जुनी मोजमापं पुसली गेलेली असतात, ती पुन्हा घ्यावी लागतात. मध्येच लॅपटॉप एक-दोनदा स्वतःहून बंद-चालूही होतो. पाच मिनिटं त्याला काही करू नका. क्लिप तेव्हा हाताशी ठेवूच नका, कारण दुसऱ्या मिनिटालाच ती पुन्हा लावायचा मोह होतो.